नेत्याचं खासगी आयुष्य आणि आपलं मत: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात निवडणूक कधी संपत नाही. महापालिका झाली की जिल्हा परिषद, ती झाली की दूध संघ, कारखाना, सेवा सोसायटी. आणि प्रत्येक वेळी प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात कुणाचं तरी 'प्रकरण' चौकात येतं. पेठेपेठेतल्या मतदार बैठकांत आणि फोनवर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणाला मत द्यायचं हे मी सांगणार नाही. मात्र या विषयावर माझं मत ठाम आहे आणि ते उत्तरांत दिसेल.

१. माणूस कामाचा असला की झालं. त्याच्या घरात डोकवायचं कशाला?

बहुतेक वेळा डोकावू नये, हेच माझंही उत्तर आहे. दोन सज्ञान माणसांनी आपखुशीनं काय केलं याचा रस्त्याशी, पाण्याशी, पंचगंगेच्या प्रदूषणाशी संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो नेत्यालाही आहे. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही हेच बजावते: टीका धोरणांवर, कार्यक्रमावर, मागच्या कामावर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर करू नका.

पण 'घरातली बाब आहे' असं कुणी म्हटलं की मी सावध होते. याच शब्दांखाली मारहाण झाकली जाते, जबरदस्ती झाकली जाते. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये संस्थानात बायकांना क्रूर वागणूक देण्याविरुद्ध कायदा केला आणि पुढच्याच वर्षी जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेला कायद्यानं बंदी घातली. उंबऱ्याच्या आत किंवा देवाच्या नावावर बाईवर जुलूम होत असेल तर त्यात राज्यानं पडायचं, हे या गावात शंभर वर्षांपूर्वीच ठरलं आहे. तेव्हा घरात डोकावायचं नाही हे खरं, पण घरातून हाक ऐकू आली तर कानांवर हात ठेवायचे नाहीत.

२. मग नेमकं काय पाहायचं आणि काय सोडून द्यायचं?

मी स्वतःला चार गोष्टी विचारते. समोरच्या व्यक्तीची 'नाही' म्हणायची मोकळीक हिरावली गेली होती का? त्यात सरकारचा किंवा संस्थेचा पैसा, गाडी, पोलीस, बदली, नोकरी वापरली गेली का? शपथेवर किंवा सभागृहात खोटं सांगितलं गेलं का? आणि जे नियम हा माणूस कायदा करून किंवा दंडेलीनं दुसऱ्यांवर लादतो, ते तो स्वतः मोडतो का?

यातल्या एकाचंही उत्तर हो आलं, तर ती गोष्ट मतदाराची आहे. चारही उत्तरं नाही आली, तर उरतं ते फक्त कुतूहल, आणि कुतूहलावर मत देऊ नये.

दुसऱ्या मुद्द्याचं एक परदेशी उदाहरण सांगण्यासारखं आहे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांना विवाहबाह्य नात्यातून मुलगी होती, हे १९९४ मध्ये जाहीर झालं. फ्रेंच लोकांनी त्या नात्याबद्दल फारसा गहजब केला नाही. मात्र ते दुसरं कुटुंब वर्षानुवर्षं सरकारी वास्तूत, सरकारी सुरक्षेत राहिलं होतं. हिशोब मागायचा असेल तर तो याचा मागायला हवा. पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्याबद्दल प्रश्न ६ सविस्तर वाचा.

३. विवाहबाह्य संबंध हा गुन्हा आहे ना? मग गुन्हेगाराला मत कसं द्यायचं?

आता गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आलेलं नाही. जुन्या कलमात बाईला आरोपीही मानलं नव्हतं आणि तक्रारदारही नाही. नवऱ्याची परवानगी असेल तर गुन्हाच होत नव्हता, म्हणजे बायको ही त्याची मालमत्ता. ते गेलं हे फार बरं झालं.

घटस्फोटासाठी ते कारण आजही चालतं. तो त्या दोघांमधला दिवाणी प्रश्न आहे. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं ही मात्र वेगळी गोष्ट. प्रश्न ८ पाहा.

४. जो बायकोला फसवतो तो जनतेला फसवणार नाही कशावरून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा मनापासून विचारतात. म्हणून जरा थांबून उत्तर देते.

या प्रश्नामागे एक समजूत आहे: एका जागी विश्वासघात करणारा सगळीकडे करतो. आपल्या आजूबाजूला पाहा. एकपत्नी, निर्व्यसनी, रोज अंबाबाईच्या दर्शनाला जाणारा आणि पतसंस्थेतल्या ठेवी बुडवणारा माणूस तुम्हाला माहीत नाही का? संसारात चुकलेला, पण ज्याच्या सहीवर डोळे झाकून भरवसा ठेवावा असाही माणूस माहीत असेल. माणूस सगळीकडे सारखा नसतो. आणि नेत्याच्या बाबतीत तर असा अंदाज बांधायची गरजच नाही, कारण त्याचं सार्वजनिक वागणं आपल्यासमोर असतं. गेल्या वेळी काय बोलला, काय केलं, निधी कुठे गेला, सभागृहात किती वेळा उठून बोलला, हे तपासता येतं. ते तपासायचे कष्ट टाळून बायकोशी कसा वागतो यावरून निष्कर्ष काढणं सोपं वाटतं, म्हणून तो प्रश्न एवढा पसरतो.

खोटं सार्वजनिक ठिकाणी बोललं गेलं की चित्र बदलतं. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांनी मार्च १९६३ मध्ये संसदेत एका तरुणीशी असलेले आपले संबंध नाकारले आणि जूनमध्ये राजीनामा दिला; कारण होतं सभागृहाशी खोटं बोलल्याची कबुली. अमेरिकेत बिल क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधीगृहानं महाभियोग मंजूर केला, तो शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणणं या आरोपांवर. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटनं त्यांना दोषमुक्त केलं. माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात खरा प्रश्न मागेच पडला: ज्या तरुणीशी त्यांचे संबंध होते, ती त्यांच्याच कार्यालयात शिकाऊ होती.

आता उलट बाजू. एखाद्या बाईनं मला सांगितलं की, "माझ्या नवऱ्यानं हेच केलं, मी असल्या माणसाला मत देणार नाही," तर मी तिला चूक म्हणणार नाही. मत गुप्त आहे, कारण द्यावं लागत नाही. माझी विनंती एवढीच की हीच पट्टी आपल्या पक्षाच्या माणसालाही लावा, आणि पुरुषाला व बाईला एकच लावा.

५. बायकोनं माफ केलं, तिची काही तक्रार नाही. मग आम्ही कोण?

संबंध आपखुशीचा असेल तर खरंच आपण कुणी नाही. मात्र बायकोच्या माफीनं दुसऱ्या बाईवरचा अन्याय पुसला जात नाही. व्यासपीठावर पत्नीला शेजारी बसवून फोटो काढला म्हणजे प्रकरण मिटलं, असं मतदारानं समजू नये. त्या बाईला तिथे बसण्यावाचून पर्याय होता की नाही, हे आपल्याला दिसत नाही.

६. दोघांच्या संमतीनं होतं म्हणतात. पण ती त्यांच्याच संस्थेत कामाला होती.

इथे थांबा. माझ्या दृष्टीनं हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यात नेता म्हणजे नुसता आमदार नसतो. त्याच्या हातात शिक्षण संस्था असते, पतसंस्था, सूतगिरणी, कारखाना असतो. शिक्षिकेची 'ऑर्डर' कायम करणं, लिपिकाची बदली, नवऱ्याची कारखान्यातली नोकरी, बचत गटाचं कर्ज, पोरीचं हॉस्टेल, सगळं एकाच बंगल्यावरून ठरतं. अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईनं 'नाही' म्हटलं तर तिचं काय होईल, हे तिला न सांगताच कळतं. म्हणून अशा संबंधात 'तिची संमती होती' एवढं पुरत नाही. नकार दिला असता तर तिची नोकरी राहिली असती का, हे विचारा. आणि हा प्रश्न त्या बाईला विचारायचा नाही. नेत्याला विचारायचा.

कायद्यानं काय सोय आहे? कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती नेमायला सांगतो. कर्मचारी कमी असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तोच मार्ग आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते; सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

पक्षाच्या कार्यकर्त्या मात्र अधांतरी आहेत. राजकीय पक्षात मालक-नोकर असं नातं नसतं, म्हणून पक्षांना अंतर्गत समिती बंधनकारक नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. रात्री-बेरात्री प्रचार करणाऱ्या, एकाच गाडीतून दौरे करणाऱ्या, तिकिटासाठी एका माणसाच्या शब्दावर अवलंबून असणाऱ्या बायकांनी दाद कुठे मागायची? पोलीस ठाणं आहेच, पण त्याआधीचा दरवाजा नाही. उमेदवार दारात आला की त्याला विचारा: तुमच्या संस्थेत समिती आहे का, तिच्या अध्यक्षा कोण, फलक कुठे लावलाय? उत्तर पटकन आलं नाही, तर तेही उत्तरच समजा.

७. शपथपत्रात या गोष्टी लिहाव्या लागतात का?

संबंध लिहावे लागत नाहीत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराची माहिती हा मतदाराचा हक्क मानला. त्यानंतर विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मध्ये प्रलंबित फौजदारी खटले, शिक्षा, शिक्षण, मालमत्ता आणि देणी द्यावी लागतात. स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांचीही. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

या हक्कालाही सीमा आहे. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मतदाराचा माहितीचा हक्क अमर्याद नाही. उमेदवारीशी संबंध नसलेल्या बाबींत उमेदवारालाही खासगीपणा आहे. मला हा निकाल रास्त वाटतो.

शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. मोबाइलवर आयोगाचं ॲप आहे, आणि 'मायनेता' या संकेतस्थळावर तीच माहिती सोप्या रूपात मिळते. एक खाच लक्षात ठेवा: कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा पत्नीचा अर्ज मुळात दिवाणी स्वरूपाचा असतो, त्यामुळे तो फौजदारी खटल्यांच्या रकान्यात दिसेलच असं नाही. रकाना कोरा आहे म्हणजे घरात सगळं ठीक आहे असा अर्थ काढू नका.

८. त्यांचं दुसरं घर आहे, पोरंही आहेत, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचं काय?

नुसतं 'माहीत आहे' म्हणून सोडू नका, आणि नुसतं 'माहीत आहे' म्हणून बोंबही मारू नका. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट न होता हिंदू पुरुषानं दुसरं लग्न केलं असेल, तर न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा आहे. लग्न न करता एकत्र राहणं गुन्हा नाही.

दुसरी गोष्ट शपथपत्राची. त्या घरातली मुलं उमेदवारावर अवलंबून असतील, तर त्यांच्या नावची मालमत्ता दाखवावी लागते. २०२१ च्या जानेवारीत राज्यातल्या एका मंत्र्यानं स्वतःच समाजमाध्यमावर विवाहबाह्य नातं आणि त्यातून झालेली मुलं मान्य केली, तेव्हा विरोधकांनी शपथपत्राचा प्रश्न काढला. तो प्रश्न योग्य होता. त्या नात्याबद्दल जे चवीनं बोललं गेलं, ते अयोग्य होतं.

तिसरी गोष्ट फक्त स्थानिक निवडणुकांची. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्रात दोन अपत्यांचा नियम आहे: सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली तर उमेदवार अपात्र ठरतो. मोजणी अपत्यांची होते, लग्नांची नाही. या नियमामुळे घराघरांत लेकरं लपवली गेली आहेत. नियम बरा की वाईट हा वाद वेगळा, पण पदासाठी ज्यानं स्वतःच्या मुलाला नाव नाकारलं त्याच्याबद्दल मत बनवायला मला कोर्टाच्या निकालाची गरज वाटत नाही. पोराबद्दल मात्र चौकात एक शब्द निघता कामा नये. त्याचा यात काही दोष नाही.

९. तक्रार झाली आहे, पण गुन्हा सिद्ध झालेला नाही. तोवर निर्दोषच धरायचं ना?

न्यायालयानं धरायचं. तिथे माणसाचं स्वातंत्र्य जातं, म्हणून पुरावा निःसंशय लागतो. मतदार कुणाला तुरुंगात टाकत नाही. एक पद द्यायचं की नाही एवढंच ठरवतो. नोकरीवर माणूस घेताना आपण एवढा पुरावा मागतो का?

तरी प्रत्येक तक्रार सारखी नसते. नुसती व्हॉट्सॲपवरची पोस्ट, पोलिसांत नोंदवलेला गुन्हा, दाखल झालेलं आरोपपत्र, न्यायालयानं निश्चित केलेले आरोप, या चढत्या पायऱ्या आहेत. आपण कोणत्या पायरीबद्दल बोलतोय हे आधी पाहा. आणि मी आणखी एक पाहते: तक्रार झाल्यावर नेता कसा वागला? चौकशीला सामोरा गेला, की तक्रारदार बाईच्या दारात कार्यकर्त्यांचा घोळका पाठवला? तक्रार मागे घेतली गेली म्हणजे ती खोटी होती असंही नाही आणि दबावानं घेतली असंही नाही, दोन्ही घडतं.

दोषी ठरल्यावरचा कायदा स्पष्ट आहे. बलात्कार किंवा विवाहितेचा छळ अशा काही गुन्ह्यांत शिक्षा कितीही असो, आमदार-खासदार अपात्र ठरतो. इतर बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा लागते. अपील केलं म्हणून पद आपोआप टिकायची सवलत सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये काढून टाकली.

१०. मतदानाच्या आदल्या रात्री ग्रुपवर क्लिप आली. खरी असेल तर लोकांना कळायला नको का?

बघू नका, पुढे पाठवू नका. खरी असेल तर मुळीच नको.

शेजारच्या कर्नाटकात काय झालं ते आठवा. हासनमध्ये २६ एप्रिल २०२४ च्या मतदानाआधी खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्याशी संबंधित व्हिडिओंचे पेन ड्राइव्ह गावोगाव वाटले गेले. बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या बायका स्वतःच्याच गावात तोंड दाखवेनाशा झाल्या, आणि हे 'सत्य बाहेर काढण्याच्या' नावाखाली झालं. रेवण्णा निवडणूक हरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये घरकाम करणाऱ्या एका महिलेवरच्या बलात्काराबद्दल बंगळुरूच्या विशेष न्यायालयानं त्यांना जन्मठेप दिली. शिक्षा झाली ती तिच्या साक्षीमुळे आणि तपासामुळे. पेन ड्राइव्ह वाटणाऱ्यांनी त्या बायकांवर दुसरा अत्याचार केला, असं मी म्हणेन.

अशी चित्रफीत पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई आणि ६७अ खाली गुन्हा आहे, आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. ॲडमिननं क्लिप उडवावी, पण आधी पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ टिपून ठेवावी व सायबर पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावं. शिवाय आता चेहरा चिकटवून बनावट व्हिडिओ कुणीही करतं, आणि मतदानाच्या आदल्या रात्री खरं-खोटं करायला कुणाकडेच वेळ नसतो. ती रात्र त्यासाठीच निवडलेली असते.

११. आमच्या वहिनी महिला राखीव प्रभागातून उभ्या आहेत. विरोधक त्यांच्या चारित्र्याबद्दल काहीबाही पसरवताहेत. काय करायचं?

आधी वहिनींना सांगा की खुलासा देत बसू नका. "मी तशी नाही" हे एकदा म्हटलं की पुढचा सगळा प्रचार त्यावरच होतो, आणि पाण्याचा प्रश्न राहून जातो.

२०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पुरुष उमेदवाराची लफडी कौतुकानं सांगितली जातात, मर्दुमकी म्हणून खपतात. बाई मात्र रात्री नऊनंतर मीटिंगवरून आली, पक्षाच्या माणसाच्या गाडीतून उतरली, विधवा असून टिकली लावली, एवढ्यावरून तिचं नाव घेतलं जातं. याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्या-कुंकू पुसण्याविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता सांगितला. ज्या जिल्ह्यातून हे निघालं, तिथे उमेदवार बाईची टिकली मोजली जाते याचा मला संताप येतो.

कायद्याचं सांगायचं तर, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल निकालावर परिणाम करण्याच्या हेतूनं खोटं विधान छापणं किंवा पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा दंडाची आहे. विधानसभा-लोकसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो. उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं तो झाल्याचं सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. स्क्रीनशॉट, पत्रक, भाषणाचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी जपा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि मोहल्ल्यातल्या चार बायकांनी प्रचारफेरीत वहिनींच्या बरोबर चालावं. त्याचा उपयोग कुठल्याही खुलाशापेक्षा जास्त होतो.

१२. नेता समलिंगी असेल आणि लपवत असेल, तर ते लपवणं खोटेपणा नाही का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांमधले असे संबंध गुन्हा नाहीत. आपल्या समाजात हे उघड सांगायची किंमत किती मोठी आहे हे पाहता, न सांगणं हा स्वसंरक्षणाचा भाग आहे. अपवाद एकच: तो स्वतः याच लोकांविरुद्ध भाषणं करत असेल, कायदा आणत असेल, तर प्रश्न २ मधला चौथा मुद्दा लागू होतो. तेव्हाही बोलायचं ते त्याच्या भाषणांबद्दल. जोडीदाराचं नाव घ्यायचं नाही.

१३. आमच्याच पक्षाच्या माणसावर गंभीर आरोप आहेत, पण समोरचा निवडून आला तर त्याहून वाईट. मग?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. काही लोक २०१३ पासून मिळालेल्या 'नोटा'चं बटण दाबतात, काही नाक दाबून पक्षाला मत देतात, काही घरी बसतात. घरी बसणं मला पटत नाही. बाकी दोन्हींतली अडचण समजते.

पण ही कोंडी मतदानाच्या दिवशी सुटत नाही, ती तिकीट वाटपाच्या वेळी सुटते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की विधानसभा-लोकसभेला खटले असलेला उमेदवार दिला तर पक्षानं त्याची माहिती आणि निवडीचं कारण जाहीर करायचं, खटले नसलेला माणूस का मिळाला नाही तेही सांगायचं, आणि 'निवडून येऊ शकतो' एवढं कारण चालणार नाही. ही माहिती पक्षाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात द्यावी लागते. तुम्ही त्या पक्षाचे कार्यकर्ते असाल तर ती शोधा, कारण वाचा आणि ते पटलं नाही तर तालुकाध्यक्षांना लेखी कळवा. विरोधकांच्या पत्राला ते केराची टोपली दाखवतील. बूथ सांभाळणाऱ्या स्वतःच्या माणसांनी, विशेषतः घरोघर फिरणाऱ्या बायकांनी, "या उमेदवारासाठी आम्ही फिरणार नाही" असं सहीनिशी दिलं तर त्यांना बैठक बोलवावी लागते.